बंदुकीला कोणतं तेल लावावं? दमट हवेतल्या आठ महिन्यांचा अनुभव

चापाच्या कडीशेजारी एक तांबूस डाग दिसला. भिंग लावून पाहिलं, तर तो डाग नव्हता, अंगठ्याचा ठसा होता. रेषान् रेषा गंजाने उमटलेली. माझाच अंगठा. आणि त्या जागी मी तेल लावलेलं होतं, ते अजून हाताला लागत होतं.

तेव्हापासून हा विषय मी मनावर घेतला. माझ्याकडे दोन शस्त्रं आहेत: वडिलांकडून आलेली काळ्या-निळ्या मुलाम्याची दुनळी आणि सरावाची पॉइंट टू टू रायफल. इथली हवा वर्षातले कित्येक महिने ओलसर असते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर गंजाचा वेग वाढतो, आणि माझ्या कपाटातला आर्द्रतामापक पावसात ८०च्या खाली क्वचितच येतो.

ठसा कसा उमटला, हे आधी सांगतो, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच होती. घामात मीठ असतं. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि खनिज तेलात विरघळत नाही. म्हणजे हात लागल्यावर न पुसता वरून तेल चोपडलं, तर मीठ तेलाखाली तसंच राहतं आणि आपलं काम करत बसतं. जुन्या क्षारयुक्त कॅपच्या (काडतुसाच्या बुडाशी बार पेटवणारी टोपी) काडतुसांचंही हेच. त्यातल्या पोटॅशियम क्लोरेटचं बार उडाल्यावर पोटॅशियम क्लोराइड होतं, ते मिठासारखंच पाणी धरतं, आणि नुसत्या तेलाच्या चिंधीने निघत नाही. त्याला पाणीच लागतं. बंदुकीला पाणी म्हटलं की अंगावर काटा येतो, पण आधी गरम पाणी, मग पूर्ण कोरडं करणं आणि मग तेल, हाच क्रम बरोबर आहे.

तेलांची तुलना मी बंदुकीवर केली नाही, तेवढं धाडस नव्हतं. एकाच पोलादी पट्टीचे तुकडे कापले, घासून उजळवले, त्यांवरचा तेलकटपणा काढला आणि प्रत्येकावर एकेक तेल पुसून दोऱ्याने खिडकीच्या आतल्या बाजूला टांगले. एक तुकडा कोरा ठेवला. तो काही दिवसांतच तांबडा झाला.

पाणी हटवणारे पातळ फवारे सगळ्यांत आधी हरले. याचं नवल वाटायला नको. डब्ल्यूडी-४० या प्रसिद्ध फवाऱ्याच्या नावातच त्याचं काम सांगितलेलं आहे: पाणी हटवण्यासाठीचं चाळीसावं मिश्रण. १९५३ साली ते तयार झालं. भिजलेल्या बंदुकीतून पाणी बाहेर काढायला असा फवारा उत्तमच. पण त्यातला बराच भाग उडून जाणारा द्रावक असतो आणि मागे राहणारा थर फार पातळ. भिजल्यावर तासाभरात वापरायची ही वस्तू आहे. महिनाभर साठवणीसाठी नव्हे.

शिवणयंत्राच्या तेलाने माझ्या अपेक्षेपेक्षा बरं काम केलं, पण टांगलेल्या पट्टीवरून ते हळूहळू खाली उतरलं. वरची कड आधी गंजली, खालची शेवटपर्यंत चकचकीत राहिली. उभ्या ठेवलेल्या बंदुकीतही हेच होतं, आणि तिथे उतरलेलं तेल दस्त्याच्या लाकडात मुरतं. वर्षानुवर्षं तेल प्यालेलं लाकूड मऊ पडतं आणि यंत्रणेला घट्ट धरत नाही. म्हणून ज्यांना उभी ठेवायची सवय आहे त्यांनी नळीचं तोंड खाली करून ठेवावी.

खाद्यतेलाच्या पट्टीवर गंज आला नाही, हे खरं. पण काही आठवड्यांत ती चिकट झाली आणि पुढे पिवळट कातडं धरलं. वनस्पती तेलं हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून घट्ट होतात. चापाच्या आतल्या बारीक स्प्रिंगांत असं कातडं धरलं, तर शस्त्र धोकादायक होतं. घरात आहे म्हणून हे तेल लावू नका, अगदी कळकळीने सांगतो.

सीएलपी म्हणजे साफ करणं, वंगण आणि रक्षण ही तिन्ही कामं एकाच तेलाकडून करून घेणं. मी ब्रेक-फ्री सीएलपी वापरलं. रायफलीच्या बोल्टला, म्हणजे काडतुसामागून नळी बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याला, ते आजही लावतो: पसरतं छान, काजळी सैल करतं, थंडीत घट्ट होत नाही. दर आठवड्याला हाताळणाऱ्या माणसाला या एकाच बाटलीवर भागवता येईल. माझी दुनळी मात्र दोन-दोन महिने कपाटात असते, आणि तेवढ्या काळासाठी मला याहून जाड थर हवा होता.

बॅलिस्टॉल हे जर्मनीतलं १९०४ सालचं तेल. वास उग्र आहे, घरच्यांना अजून आवडलेला नाही. पण त्याचे दोन गुण मला फार उपयोगी पडले. ते किंचित अल्कधर्मी आहे, आणि पाण्यात मिसळलं की दुधासारखं पांढरं होतं. हाताळून झाल्यावर या दुधाळ मिश्रणाने पुसलं तर घामाचं मीठही निघतं आणि पाणी सुकल्यावर तेलाचा थर मागे राहतो. लाकूड आणि चामडं दोन्हींना चालतं. अंगठ्याच्या ठशांचा त्रास थांबला तो याच सवयीने.

लॅनोलिनच्या, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट स्निग्धाच्या, पट्टीवर आठ महिन्यांत एकही ठिपका नाही. पण धूळ इतकी चिकटते की हलत्या भागांवर ते लावायचं धाडस होत नाही. दुनळीच्या नळ्यांना बाहेरून पावसाळ्यापुरतं लावतो. दस्त्याखाली झाकल्या जाणाऱ्या, कधी उघडून न पाहिल्या जाणाऱ्या पोलादाला मात्र मायक्रोक्रिस्टलाइन मेण. संग्रहालयात धातूच्या वस्तू जपायला वापरतात तेच. ते उतरत नाही, हाताला लागत नाही, लाकडात मुरत नाही. माझ्या सगळ्या खरेदीत मेणाची ही छोटी डबी सर्वात मोलाची ठरली.

मुलाम्यावर फार विसंबू नये. ब्लूइंग म्हणजे पोलादाच्याच पृष्ठावर तयार केलेला काळा लोह-ऑक्साइडचा पातळ थर. त्याचा खरा उपयोग तेल धरून ठेवण्यापुरता. फॉस्फेटचा खरबरीत मुलामा याहून जास्त तेल धरतो. स्टेनलेस नळीही गंजते, फक्त उशिरा.

मधल्या काळात एक गोष्ट अशी घडली की सगळ्या तेलांची तुलनाच बाजूला पडली. रायफल रात्रभर वातानुकूलित खोलीत होती. सकाळी बाहेर काढली आणि काही क्षणांत नळीवर दहिवर जमलं, नळीच्या आतसुद्धा. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे हवेतलं पाणी दव होऊन जमू लागतं ते तापमान, २६ अंशांच्या आसपास येतो. २४ अंशांवर गार झालेलं पोलाद अशा हवेत आलं की भिजणारच, तेल कोणतंही असो. आता रायफल पेटीत ठेवूनच बाहेर आणतो, पेटी न उघडता तासभर तशीच ठेवतो, आतलं पोलाद बाहेरच्या हवेइतकं उबदार होऊ देतो, मगच उघडतो.

त्याच पेटीचा फोम आणि दुनळीची जुनी चामडी खोळ, दोन्ही ओल धरून ठेवतात. त्यांत बंदूक आता फक्त प्रवासापुरती. कपाटात ओल शोषणारं सिलिका जेल आहे, रंग बदलला की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरतो. सोबत गंजरोधक बाष्प सोडणारा कागद. कपाट नीट बंद होत असेल तरच या दोन्हींचा उपयोग आहे.

जाड थर लावणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. बार काढण्याआधी, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, नळी आणि काडतुसाचं घर कोरड्या चिंधीने पुसून घ्यायचं. काडतुसाच्या घरात तेल राहिलं तर काडतूस त्याच्या भिंतीला धरत नाही आणि बारामागचा धक्का बोल्टवर जास्त येतो. तेल काडतुसात शिरलं तर कॅप निकामी होऊ शकते. स्प्रिंगची एअर रायफल असेल तर दाबाच्या नळकांड्यात खनिज तेल जाऊच देऊ नका, दाबाने तापलेल्या हवेत ते पेट घेतं.

सध्या माझ्या कपाटात तीन वस्तू आहेत: पुसायला बॅलिस्टॉल, हलत्या भागांना सीएलपी आणि मेणाची डबी. लॅनोलिन पावसाच्या तोंडावर बाहेर निघतं. चापाच्या कडीवरचा तो ठसा बारीक स्टील वूल आणि तेलाने हलक्या हाताने घासून काढला, पण तिथला मुलामाही थोडा गेला. प्रकाशात तिरकं धरलं की अंगठ्याएवढी फिकट जागा अजून दिसते. तिथे मेणाचे दोन हात देतो.