आरोग्य केंद्रातली ऑनलाइन मानसिक आरोग्य ओपीडी, वहिनीसाठी ७ महिने वापरली, त्याचा अनुभव

रेटिंग ५ पैकी ४. एक स्टार औषधांच्या घोळासाठी कापलाय, तो का ते खाली लिहिते.

बाळ दीड महिन्याचं होतं. बाळ झोपलं तरी वहिनी टक्क जागी, जेवण नाही, बाळाला उचलायचं म्हटलं की हात थरथरायचे. घरात सगळे म्हणायचे बाळंतपणाचा थकवा आहे, होईल ठीक, मी पण तेच म्हणत होते. सायकियाट्रिस्ट सगळ्यात जवळचा म्हणजे बसने साडेतीन तास, तान्ह्या बाळाला घेऊन दर पंधरा दिवसांनी कोण जाणार? शेवटी लसीकरणाला गेलो तेव्हा नर्स ताईंनीच ओळखलं, वहिनीला आतल्या खोलीत नेऊन १० प्रश्न विचारले. एडिनबर्ग स्केल म्हणतात त्याला, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन ओळखायला १९८७ पासून वापरात आहे, मागच्या ७ दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घ्यायचे विचार येतात का हा. वहिनी बराच वेळ गप्प बसली आणि मग हो म्हणाली. घरात आम्ही एवढी माणसं, एकानेही विचारलं नव्हतं!!

त्याच दिवशी केंद्रातल्या टॅबवर डॉक्टर मॅडमशी बोलणं झालं. रेंजचं विचारू नका, व्हिडिओ तीनदा अडकला, शेवटी साध्या फोनवर बोलल्या पण घाई अजिबात केली नाही. स्तनपान चालू असल्यामुळे सर्ट्रालीन ही डिप्रेशनवरची गोळी दिली, ती का हेही समजावलं, आणि गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात, मध्येच सोडू नका हे दोनदा बजावलं.

मला सगळ्यात आवडलं ते हे की ताईंनी वहिनीची वेळ कायम बाळाच्या लसीच्या नाहीतर वजनाच्या दिवशीच लावली. गावात कोण कुठे चाललंय सगळ्यांना दिसतं, पण बाळाला घेऊन केंद्रात जाणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही. वेगळा बोर्ड लावलेली खोली असती तर वहिनी कधीच गेली नसती, हे मी खात्रीने सांगते.

आणि मधल्या काळात दर आठवड्याला ताई घरी यायच्या. आधी मला वाटायचं यांना यातलं काय कळणार, डॉक्टर थोड्याच आहेत. मग वाचलं की पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात साध्या आरोग्य सेविकांना ट्रेनिंग देऊन हेच केलं होतं, २००८ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आलंय. डिप्रेशन असलेल्या ९०३ बायका होत्या, ६ महिन्यांनी सेविकांनी ट्रेनिंगप्रमाणे मदत केलेल्यांपैकी २३ टक्क्यांना डिप्रेशन उरलं होतं आणि ज्यांच्याकडे सेविका नेहमीसारख्याच नुसत्या भेटीला जायच्या त्यांच्यात ५३ टक्क्यांना. आमच्याकडे पण तसंच झालं, वहिनी मॅडमना जे सांगायची नाही ते ताईंना सांगायची.

आता एक स्टार का कापला ते. तिसऱ्या महिन्यात केंद्रातल्या गोळ्या संपल्या, पुढच्या आठवड्यात येतील म्हणे, त्या १७ दिवस आल्या नाहीत. वहिनीला चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखं, आणि परत ते रडणं सुरू. भाऊ शेवटी शहरात जाऊन गोळ्या घेऊन आला. स्क्रीनवर डॉक्टर आहेत पण कपाटात गोळी नाही, मग ते प्रिस्क्रिप्शन घेऊन माणसाने काय करायचं? ज्याला शहरात जाणं जमतच नाही त्याच्यासाठीच ही सोय आहे ना. तक्रार लेखी दिली, त्यानंतर एकदम दोन महिन्यांच्या गोळ्या द्यायला लागले, तेव्हापासून खंड नाही.

तुम्ही जाणार असाल तर पहिल्याच दिवशी गोळ्यांचा साठा किती आहे ते विचारा, दर वेळी तेच डॉक्टर मिळतील का ते पण विचारा. आम्हाला मिळाले, म्हणून सगळं पहिल्यापासून परत सांगायची वेळ आली नाही. आणि घरातलं एक माणूस सोबत जा पण बोलणं चालू असताना खोलीबाहेर थांबा.

वहिनी आता झोपते, बाळाशी गप्पा मारते. गोळी अजून चालू आहे, मॅडम म्हणाल्या घाई करायची नाही. पुढची वेळ ९व्या महिन्याच्या गोवराच्या लसीच्या दिवशीची घेतलीये.