आयटीआयचं एक वर्ष की थेट हॉटेलच्या किचनमध्ये अप्रेंटिस?

दहावी-बारावी करून वर्ष-दोन वर्षं घरी बसलेल्या मुलाला शेफ व्हायचं असेल, तर त्याच्यापुढे खिशाला झेपणारे दोनच रस्ते उरतात. एक म्हणजे सरकारी आयटीआयमधला 'फूड प्रॉडक्शन (जनरल)' हा एक वर्षाचा ट्रेड. दुसरा म्हणजे दहावीच्या गुणपत्रिकेवर एखाद्या हॉटेलशी अप्रेंटिस म्हणून करार करायचा आणि दुसऱ्या दिवशी एप्रन बांधून उभं राहायचं. हॉटेल मॅनेजमेंटची डिग्री इथे धरलेली नाही. तिची फी ज्याला परवडते, त्याचा प्रश्न वेगळा आहे.

मधले दोन पर्यायही लोक विचारतात. पर्यटन मंत्रालयाने २००९-१० मध्ये 'हुनर से रोजगार तक' सुरू केलं, तेव्हा त्यातला स्वयंपाकाचा कोर्स आठवी पास मुलांसाठी आठ आठवड्यांचा होता. असल्या छोट्या कोर्सात रेंजसमोरची, म्हणजे हॉटेलच्या मोठ्या शेगडीसमोरची, धग सोसते का, आठ तास उभं राहवतं का, एवढं कळतं. ते कळणंही कमी नाही, पण त्यावर शेफ होत नाही. दुसरा पर्याय आयएचएम, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटच्या सरकारी संस्थेमधल्या फूड प्रॉडक्शन आणि पॅटिसरीच्या (केक-पेस्ट्रीच्या) दीड वर्षाच्या क्राफ्ट कोर्सचा. त्यात सहा महिने हॉटेलात काम असतं. मुंबईत दादरच्या किंवा गोव्यात पर्वरीच्या आयएचएममध्ये त्याला प्रवेश मिळत असेल आणि राहण्याची सोय असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही, तो घेऊन टाकावा. बाकीच्यांसाठी पुढचं.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण निर्णय त्यावर होऊ नये असं मला वाटतं. आयटीआयची फी कमी, पण वर्षभर हातात काही येत नाही. अप्रेंटिसला स्टायपेंड मिळतो. २०१९ च्या नियमांत दहावी पास मुलासाठी महिना किमान ६,००० आणि आयटीआय पास मुलासाठी ७,००० रुपये ठरले. शिवाय ड्युटीवर जेवण. म्हणजे आयटीआय करून मग अप्रेंटिस झालं तर महिन्याला हजाराचा फरक. तेवढ्यासाठी वर्ष द्यायचं कारण नाही. द्यायचं तर ते शिकण्यासाठी द्यावं.

आणि आयटीआयमध्ये शिकायला मिळत नाही असं कोणी म्हणू नये. तिथे 'का' शिकवतात. हॉलंडेज, म्हणजे अंड्याचं बलक आणि लोण्याचा सॉस, फाटला, तर तो जास्त तापल्यामुळे किंवा लोणी घाईने ओतल्यामुळे फाटतो, आणि नवं बलक चमचाभर कोमट पाण्यात फेटून त्यात फाटलेला सॉस थेंबाथेंबाने घातला की परत जुळतो, हे आयटीआयच्या मुलाला बहुतेक वेळा माहीत असतं. थेट किचनमध्ये आलेला मुलगा तो सिंकमध्ये ओततो आणि शेफच्या शिव्या खातो. कच्च्या मांसाला लाल बोर्ड, माशाला निळा, भाजीला हिरवा, शिजवलेल्या मांसाला पिवळा, हे आयटीआयच्या मुलाला आधीच पाठ असतं. भाजीचा जुलिअन काप म्हणजे तीन मिलिमीटर जाड आणि पाच सेंटिमीटर लांब, हे तो झोपेतही सांगेल.

सगळ्यात मोठा फरक दिसतो तो उरलेली ग्रेव्ही गार करताना. नियम सोपा आहे: ६० अंशांवरून २१ अंशांवर दोन तासांत, तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत. थेट आलेला मुलगा वीस लिटरचं पातेलं झाकण लावून तसंच वॉक-इनमध्ये, म्हणजे खोलीएवढ्या फ्रीजमध्ये, सरकवतो. बाहेरून गार लागतं, मध्यभागी मात्र रात्रभर कोमट राहतं, आणि सकाळी आंबूस वास येतो. ज्याला कारण माहीत आहे तो ग्रेव्ही दोन इंच खोलीच्या ट्रेमध्ये पसरतो, ट्रे बर्फावर ठेवतो, वाफ गेल्यावरच झाकतो. इथे आयटीआयला पूर्ण गुण.

मग अडतं कुठे? ग्रुप प्रॅक्टिकलमध्ये. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला, म्हणून यावर जरा थांबतो.

एका बॅचमध्ये वीस-चोवीस मुलं. चार-पाच जणांचा एक ग्रुप, ग्रुपला एक शेगडी, एक रेसिपी, चार पोर्शन. ग्रुपमध्ये एखादा मुलगा किंवा मुलगी घरी स्वयंपाक करणारी असते. ती पळी हातात घेते ती शेवटपर्यंत सोडत नाही. एक जण कांदा कापतो, एक भांडी घासतो, एक जर्नल लिहितो, एक गप्पा मारतो. पदार्थ झाला की इन्स्ट्रक्टर चव घेतात आणि ग्रुपला मार्क देतात. जर्नलमध्ये मात्र पाचही जणांनी व्हाइट सॉस केल्याची नोंद असते. वर्षात व्हाइट सॉस दोन-तीनदा येत असेल, तर एकेकाच्या हातून तो खरोखर होतो किती वेळा? काहींच्या बाबतीत उत्तर शून्य आहे. यात इन्स्ट्रक्टरचा दोष क्वचितच असतो. सामानासाठी माणशी जो पैसा मिळतो, त्यात यापेक्षा जास्त बसत नाही. सगळ्याच संस्थांत असं असेल असंही नाही.

पण परिणाम दिसतो. चार पोर्शनचा हात आणि शंभर पोर्शनचा हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्धा लिटर व्हाइट सॉसला ३० ग्रॅम लोणी आणि ३० ग्रॅम मैदा लागतो, हे बरोबर. दहा लिटरला ६०० आणि ६०० ग्रॅम, हा हिशेबही बरोबर. पण दहा लिटरचं पातेलं पातळ बुडाचं असेल, तर रू, म्हणजे लोण्यात परतलेला मैदा, खाली करपतो आणि वर कच्चा राहतो. दूध एकदम ओतलं की गाठी होतात, आणि एवढ्या सॉसमधल्या गाठी व्हिस्कने फुटत नाहीत, गाळावंच लागतं. दहा किलो कांदा एकाच कढईत टाकला की तो परतला जात नाही, स्वतःच्या पाण्यात उकडतो. रंग येत नाही म्हणून मुलगा आच वाढवतो आणि कडेचा कांदा जळतो. तो दोन-तीन घाण्यांत किंवा ब्रॅट पॅनमध्ये, म्हणजे हॉटेलातल्या मोठ्या रुंद पॅनमध्ये, करायचा असतो. चार जणांची रेसिपी सरळ पंचवीसने गुणली तर मीठ, लवंग आणि तिखट बऱ्याचदा जास्त होतं. मीठ पाऊण टाकून शेवटी चाखायचं असतं. हे कोणी फळ्यावर लिहून दिलं तरी हाताला कळायला शंभर वेळा करावं लागतं.

आमच्या किचनमध्ये दोन्ही वाटांनी आलेली मुलं एकाच टेबलावर उभी असतात. पहिल्या महिन्यात आयटीआयची मुलं पुढे वाटतात. त्यांना शब्द कळतात, ती प्रश्न विचारतात. सहाव्या महिन्यापर्यंत चित्र बहुधा उलटतं. डिनरच्या गर्दीत सहा केओटी, म्हणजे टेबलांवरून आलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, एकदम लागल्या की कोणता पॅन आधी चढवायचा हे थेट आलेल्या मुलाला विचार न करता कळतं, आणि राहिलेलं 'का' त्याला सांगणं सोपं जातं. उलट, ज्याला 'का' माहीत आहे त्याच्या हाताला वेग आणायला तेवढाच वेळ परत द्यावा लागतो. म्हणून माझं माप दुसऱ्या रस्त्याकडे झुकतं. थोडंच, पण झुकतं.

आता त्या रस्त्यावरचे खड्डे. पहिला खड्डा कांदा-लसणाचा. ज्या किचनला माणूस हवा आहे, शिकाऊ नको आहे, तिथे मुलगा आठ महिने सोलतो, निवडतो, पॉट-वॉशला (भांडी घासायला) हात लावतो, आणि वर्षाच्या शेवटी त्याने गॅस पेटवलेला नसतो. सुरुवातीचे सहा-आठ आठवडे सोलण्यात जाणं ठीकच आहे, सुरी त्यातूनच हातात बसते. त्यापुढे नाही. दुसरा खड्डा ब्रेक शिफ्टचा. अकरा ते तीन आणि परत सात ते साडेअकरा. कल्याणला किंवा विरारला राहणाऱ्या मुलाला मधले चार तास जायला जागा नसते आणि रात्री शेवटच्या लोकलची धास्ती असते. काम सोडणारी बरीच मुलं स्वयंपाकाला कंटाळून जात नाहीत, या वेळापत्रकाला कंटाळून जातात. मुलींच्या घरचे तर इथेच नाही म्हणतात. रात्री घरी सोडणारी गाडी आहे का, हे मुलाखतीतच विचारावं, लाजू नये.

तिसरा खड्डा कागदाचा. 'ट्रेनी' म्हणून ठेवून घेणं आणि १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली करार करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला असेल, स्टायपेंड बँकेत येत असेल आणि शेवटी प्रमाणपत्राची परीक्षा असेल, तरच ती अप्रेंटिसशिप. नाहीतर ती कमी पगाराची हेल्परकी. दोन वर्षांनी आखातात किंवा क्रूझवर जायचं ठरलं की हा कागद लागतो. गोव्यातल्या तारवटींच्या, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या, घरात हे सांगावं लागत नाही: बोटीवर आधी चांगल्या हॉटेलातला अनुभव कागदावर मागतात, मग सेफ्टी ट्रेनिंगचं प्रमाणपत्र. तोंडी अनुभव तिथे चालत नाही.

हॉटेल निवडताना पाटीवरचे तारे कमी बघावेत. मोठ्या हॉटेलात सेक्शन (किचनचे वेगवेगळे विभाग) खूप, पण बरंचसं सामान कापून, मॅरिनेट करून, कधी तयार पेस्टच्या रूपातही येतं. ऐंशी-शंभर खोल्यांचं, स्वतःचा बँक्वेट हॉल असलेलं, अख्खं कोंबडं आणि अख्खा मासा विकत घेणारं हॉटेल शिकायला बरं. तिथे बोनिंगही (हाडं काढणंही) कळतं आणि लग्नाचा पाचशेचा बुफेही. जॉइन होण्याआधी शेफकडे चार गोष्टी विचाराव्यात. सेक्शन कोणत्या क्रमाने आणि किती महिन्यांनी बदलतात, हे लेखी आहे का? मागच्या वर्षीचे अप्रेंटिस आज कुठे आहेत? त्यातला एक तरी कॉमी (सर्वांत खालच्या पायरीचा शेफ) म्हणून तिथेच लागलेला असेल तर चांगलं लक्षण. स्टाफ कँटीनचा स्वयंपाक शिकाऊ मुलांना करू देतात का? रोज दीडशे माणसांची डाळ आणि भात करण्याइतकी चांगली शाळा नाही, आणि चुकलं तरी गिऱ्हाइकापुढे जात नाही. आणि एक दिवसाची ट्रायल देता येईल का? ट्रायलच्या दिवशी स्वतःच्या कामापेक्षा जुन्या मुलांच्या हातात काय आहे ते बघावं, पळी की घासणी.

गोव्यात जायचं असेल तर सप्टेंबरच्या शेवटी लागावं. ऑक्टोबर ते मार्च कामाचा रेटा असतो आणि हात बसतो. पावसाळ्यात शेफला समजावून सांगायला वेळ असतो. उलट क्रमाने गेलं तर आधी रिकामं बसणं आणि मग ऐन गर्दीत कच्चा हात, असं होतं.

तरीही आयटीआय कोणी करावं? ज्याला मराठी शाळेतून आल्यामुळे मेनूतली नावं वाचतानाच घाम फुटतो, ज्याचं वय सतरा आहे, ज्याच्या गावाजवळ धड हॉटेल नाही पण आयटीआय आहे, आणि ज्याला पुढे कँटीन किंवा स्वतःची खानावळ चालवायची असल्यामुळे कॉस्टिंग आणि स्टोअरचा हिशेब शिकायचा आहे, त्याने. फक्त प्रवेश घेण्याआधी प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जाऊन शेगड्या मोजाव्यात आणि मुलं मोजावीत. एका शेगडीमागे तीन असतील तर खुशाल घ्यावा. पाच असतील तर रविवारी आणि लग्नसराईत एखाद्या केटररकडे हात चालवायची तयारी ठेवावी. पळी धरायला तिथे ग्रुप आड येत नाही.

आयटीआयचे अर्ज दहावीच्या निकालानंतर सुरू होतात, अप्रेंटिसची भरती वर्षभर चालू असते. त्यामुळे फॉर्म भरून ठेवायला हरकत नाही. यादी लागेपर्यंत दोन हॉटेलांत ट्रायल द्यावी. आधी एक आठ इंची शेफ नाइफ आणि न घसरणारे बूट घ्यावेत. बूट महाग पडले तरी ते आधी, सुरी नंतर. किचनमध्ये पहिल्या महिन्यातल्या बऱ्याच दुखापती सुरीने होत नाहीत, ओल्या फरशीवर पाय घसरून होतात.