इंदूरच्या विजय नगरमधल्या फॉरेन ॲडमिशनवाल्यांचा अनुभव (एमएस, अमेरिका)

मुलीचं इथल्या एसजीएसआयटीएस इंजिनीअरिंग कॉलेजमधनं बीई झालं आणि एमएसला अमेरिका ठरलं तेव्हा विजय नगरच्या एका कन्सल्टन्सीत नाव घातलं. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण तिथल्या एक मॅडम खरंच चांगल्या आहेत, बाकीच्यांपायी त्यांचं नुकसान नको. पाचातले तीन स्टार देतो.

आमचं म्हणणं एकच होतं, युनिव्हर्सिटी सरकारी हवी आणि आऊट-ऑफ-स्टेट फी नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, अमेरिकेत सरकारी युनिव्हर्सिटी आपल्या राज्यातल्या पोरांना एक फी (इन-स्टेट) लावते आणि बाहेरच्यांना वेगळी (आऊट-ऑफ-स्टेट), ती बऱ्याच ठिकाणी दुप्पट, कुठे कुठे तिप्पट, आणि आपण इंदूरचे म्हणजे बाहेरच्यांतलेही बाहेरचे. प्रायव्हेटला हा भेद नाही, तिथे सगळ्यांचाच खिसा सारखा कापतात. पण लगेच नाकं मुरडू नका, आपल्याकडेही हे झालेलं आहे. मध्य प्रदेश व्हायच्या आधी इथे मध्य भारत राज्य होतं तेव्हा इथल्याच एमजीएम मेडिकल कॉलेजात राज्याबाहेरच्या पोरांकडून वर्षाला 1500 रुपये कॅपिटेशन फी घ्यायचे आणि इथल्या रहिवाशांना माफ, त्यावरून दिल्लीचा एक जोशी थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि 1955 मध्ये हरला. कोर्ट म्हणालं घटनेत जन्मस्थानावरून भेदभावाला मनाई आहे, रहिवास ही वेगळी गोष्ट. त्या काळचे 1500, जरा विचार करा!

असो. तर कन्सल्टन्सीत समोर बसले ते टायवाले सर, त्यांचा पहिलाच प्रश्न, "अंकलजी, टेन्शन मत लो, उधर कोई रिलेटिव्ह है?" माझी बहीण न्यू जर्सीला आहे म्हटल्यावर साहेब एकदम खूश, म्हणे पोरीला आत्याच्या पत्त्यावर दाखवा, लायसन्स काढा, बँकेत खातं उघडा, वर्ष झालं की दुसऱ्या वर्षी इन-स्टेट फी. हे साफ चूक आहे हो. एफ-1 म्हणजे विद्यार्थ्यांचा व्हिसा मिळतो तोच मुळी शिकून परत येणार, इथलं घर सोडायचा इरादा नाही असं सांगून, मग तीच पोरगी तिकडे जाऊन मी इथलीच कायमची रहिवासी असं कोणत्या तोंडाने सांगणार? बारा महिने राहिलं की इन-स्टेट हा नियम बहुतेक राज्यांत आहे खरा, पण तो सिटिझन, ग्रीनकार्डवाले, आणि बऱ्याच राज्यांत एच-4 वर, म्हणजे तिकडे नोकरीला गेलेल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, आईबापांबरोबर आलेली मुलं यांच्यासाठी, आणि त्यातही नुसतं शिकायला म्हणून येऊन राहिलात तर ते दिवस सहसा धरत नाहीत. आत्याच्या घरी राहून फार तर खोलीचं भाडं वाचेल.

मग त्यांनी चकचकीत ब्रोशर काढलं, त्यात वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज म्हणून आख्खं पान, इन-स्टेटच्या जास्तीत जास्त दीडपट फीत शिका. स्कीम खोटी नाही, दीडपटही बरोबर, पण ती तिकडच्या पश्चिमेकडच्या राज्यांत राहणाऱ्या पोरांसाठी आहे आणि तीही ग्रॅज्युएशनला, आमची चाललीय एमएसला! मुलीने तिथल्या तिथे फोनवर उघडून दाखवलं तर म्हणतात "वो तो जनरल इन्फॉर्मेशन है". एक स्टार तिथेच गेला.

मॅडमकडे फाइल गेल्यावर मात्र काम मार्गी लागलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की रहिवासाचा नाद सोडा, सूट मागा. एक रस्ता असिस्टंटशिपचा, म्हणजे प्रोफेसरच्या हाताखाली शिकवायचं किंवा रिसर्चचं काम, टर्म चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास, आणि बदल्यात फी पूर्ण किंवा थोडी माफ, वर हातखर्चाला पैसे. पण एमएसवाल्यांना पहिल्याच सेमिस्टरला ती मिळणं अवघड, पीएचडीवाल्यांना आधी देतात. प्रोफेसरांना ईमेल त्यांनी मुलीकडूनच लिहून घेतले, ऑफिसचा ठरलेला मजकूर चिकटवला नाही, हे मला फार आवडलं.

दुसरा रस्ता टेक्सासचा, आणि तो मला ठाऊकच नव्हता. तिथल्या कायद्यात आहे की सरकारी युनिव्हर्सिटीने निदान 1000 डॉलरची स्पर्धेतली स्कॉलरशिप दिली, म्हणजे टेक्सासच्या पोरांशीही स्पर्धा करून मिळवलेली, तर बाहेरच्या विद्यार्थ्याला, अगदी परदेशीसुद्धा, इन-स्टेट फी लावता येते. आमचं लेटर आलं तर आकडा बघून हिचा चेहरा पडला, 1000 डॉलरच? मुलगी म्हणाली आई खालची ओळ वाच, आणि खाली बारीक अक्षरात रेसिडेंट रेट (म्हणजे इन-स्टेट फी) लागू असं लिहिलेलं, खरा पैसा त्या ओळीत होता, स्कॉलरशिप आपली नावापुरती. पण ही सूट स्कॉलरशिप असेल तेवढ्याच मुदतीची, फार तर वर्षभराची, पुढच्या वर्षी पुन्हा मिळवावी लागते, आणि युनिव्हर्सिटीला आदल्या वर्षीच्या पटाच्या 5 टक्क्यांपर्यंतच अशी सूट देता येते. म्हणून अर्ज लवकर करा आणि रिन्यूअलच्या अटी डिपार्टमेंटला ईमेल करून लेखी घ्या.

बाकी कटकटी नेहमीच्याच. ज्या युनिव्हर्सिट्यांकडून कमिशन मिळतं त्या लिस्टमध्ये वर चढवतात, फुकट सल्ला देणारी बरीच ऑफिसं यावरच चालतात, तेव्हा प्रत्येक नावाला हिचं कमिशन मिळतं का हे तोंडावर विचारा. टोफेलच्या, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेच्या, क्लाससाठीही बरंच मागे लागतात. पार्किंगच्या नावाने बोंब, ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.

आणि फाइल चार्जमध्ये काय काय धरलंय ते पैसे देण्याआधी कागदावर घ्या. आमच्या बिलात कुरिअरचे पैसे वेगळे लावलेत, एकूण एक कागद ऑनलाइन अपलोड केलेला असताना. ते भांडण अजून चालू आहे.