मला वाटलं, मीच त्याला गंडवतेय

अडतीस हजार रुपये. एवढ्याला मी फसले. आकडा आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे तो कमी करायचा मोह व्हायला नको. घरी मी बावीस सांगितलेत.

मी बरण्या जमवते. चिनी मातीच्या, लोणच्याच्या, वरून तपकिरी आणि खाली दुधी. अकरा वर्षांपूर्वी जुन्या नाशकातला मावशीचा वाडा पाडायला काढला, तेव्हा माळ्यावरून सात बरण्या निघाल्या. एकीच्या गळ्याला दादऱ्याची दोरी तशीच होती, तळाशी लिंबाच्या लोणच्याचा काळा खडा. ठेकेदाराचा माणूस त्या मातीच्या ढिगात लोटणार होता. तेव्हापासून गोदाकाठचा बुधवारचा बाजार मी सहसा चुकवत नाही. आज घरात त्रेसष्ट बरण्या आहेत आणि एकीतही लोणचं नाही. यावर सासूबाईंचं काय म्हणणं आहे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बरणी कशी बघायची ते मला कळतं. ही माती बाराशे अंशांच्या आसपास भाजलेली असते, त्यामुळे ती पाणी पीत नाही आणि टिचकी मारली की खणकन वाजते. तडा गेला असेल तर आवाज बद्द येतो. मग बरणी उलटी करायची. बुडाच्या कडेला ग्लेज, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, नसतं, कारण भट्टीत ग्लेज वितळतं आणि बरणी फळीला चिकटून बसेल. म्हणून ती कडा कोरी आणि खरखरीत. बूड कोरं असेल तर माल खरा, हे मी अकरा वर्षं लोकांना शिकवत आलेय. याच वाक्याने माझा घात केला.

जुना माल विकणारा तो माणूस मला बाजारातच भेटला, दोन वर्षांपूर्वी. "ताई, आधी वाजवून बघा, मग बोला," हे त्याचं पहिलं वाक्य. बरणी अस्सल होती, नऊशे रुपयांची. पुढे तो माल आला की आधी मला फोन करायला लागला. एकदा माझ्याकडच्या बोडक्या बरणीला तंतोतंत बसणारं झाकण त्याने आणून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. झाकण जुळणं म्हणजे काय, हे बरण्या जमवणाऱ्यालाच कळेल. त्या झाकणापाशीच मी निम्मी गळाला लागले होते.

गेल्या पावसाळ्यात त्याचा फोन आला, की कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या पारशी बाईंचा बंगला रिकामा होतोय. देवळाली कॅम्प म्हटलं की आपलं डोकं चालायचं थांबतं. इंग्रजांची छावणी, पारशांची सॅनिटोरियम, खोल व्हरांड्यांचे बंगले; तिथल्या कपाटातून काहीही निघू शकतं असं नाशिककराला मनापासून वाटतं. म्हणूनच जुन्या मालाला जन्मदाखला लागला की तो देवळालीचा लावतात. हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी अर्ध्या तासात स्कूटर काढली होती.

बंगला मी पाहिलाच नाही. माल पत्र्याच्या गोडाऊनमध्ये 'आणून ठेवला' होता. तो मला एक मोठी बरणी दाखवत होता आणि माझी नजर टेबलाखालच्या खोक्यावर गेली. गुजराती वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा ताटल्या. जाड, एकेका रंगाच्या, काठाला एकात एक गोल वळ्या. लाल-केशरी, गडद निळी, पिवळी, फिकी हिरवी, फिरोजी आणि एक जांभळट.

"ते काय आहे?"

"ते काही नाही ताई. अमेरिकेचं काहीतरी आहे म्हणे. एक हॉटेलवाला सहाशेला एक मागतोय, त्याला द्यायचंय."

मागे इंग्रजी अक्षरं होती. मी फोन आल्याचं निमित्त केलं, बाहेर पावसात आडोशाला उभी राहिले आणि नाव शोधलं. फिएस्टा. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातलं न्यूवेल गाव, होमर लाफ्लिन कंपनी, १९३६ साल. घडवणारा फ्रेडरिक रीड, मूळचा इंग्लंडमधल्या कुंभारकाम करणाऱ्या घराण्यातला. मंदीच्या काळात एकरंगी ताटल्या बाजारात आणल्या, कुणी हव्या त्या रंगाची जुळणी करावी म्हणून. आधी पाच रंग होते, पुढच्या वर्षी फिरोजी आला. आणि लाल! तो लाल रंग युरेनियमच्या ऑक्साइडने येत असे. दुसऱ्या महायुद्धात सरकारने युरेनियम ताब्यात घेतलं, तेव्हा लाल ताटल्या बंद झाल्या, त्या १९५९ साली परत आल्या. हे वाचताना माझे हात थरथरत होते. त्याच पानावर खाली लिहिलं होतं की हा माल १९७३ साली बंद पडला आणि १९८६ पासून वेगळ्या मातीत पुन्हा निघतो, तो आजही निघतो. तिथपर्यंत मी गेलेच नाही.

आत आले आणि शक्य तितक्या कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, "हॉटेलवाल्यापेक्षा शंभर जास्त देते, रंग बरे आहेत." खरी लाजेची गोष्ट ही आहे. युद्धाआधीच्या ताटल्या एका अडाणी माणसाकडून मी सातशेला एक उचलतेय, असं माझ्या मनात होतं. बाईंच्या मुलाला विचारून सांगतो म्हणाला. निघताना मात्र माझ्या तोंडून सुटलंच: "फिएस्टाच्या आहेत त्या, सांभाळून ठेवा." नाव मी दिलं. त्याच्या तोंडून ते तोवर एकदाही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "ताई, तुम्ही नाव सांगितलंत आणि घोळ झाला बघा. मुलाने मुंबईत चोर बाजारात फोटो दाखवले, तिथून पन्नास हजार आले. पण तुम्ही आधी पाहिल्यात, तुम्हाला चाळीसला देईन म्हणतो." रात्रभर मी मनातल्या मनात त्या ताटल्यांचे लाख-दीड लाख केलेले होते, त्यामुळे चाळीस मला स्वस्त वाटले. घासाघीस करून अडतीस केले आणि त्याचाही अभिमान वाटला. तीन हजार यूपीआयने, ते तिसऱ्याच कुणाच्या नावावर. पस्तीस रोख, 'बाईंना रोखच हवेत' म्हणून. पावती मागायला जीभ रेटली नाही. पावती मागितली तर त्याला किमतीचा अंदाज येईल, अशी माझी हुशारी.

तपासलं नाही असं नाही. टिचकी मारली, घंटेसारखी वाजली. उलट्या केल्या, बुडाची कडा कोरी, खरखरीत. वाह! जांभळीने थोडं अडवलं, पण १९५१ साली 'रोझ' नावाचा रंग आला होता एवढं वाचलं होतं. तोच हा, असं ठरवून टाकलं. प्रत्येकीच्या मागे एक पिवळट कागदी लेबल होतं, त्यावर शाईने '१४'. बाईंच्या कपाटाचा नंबर, म्हणाला. तसंच राहू द्या ताई, जुनेपणाची खूण आहे.

पंधरा दिवस लेबलांसकट त्या काचेच्या कपाटात होत्या. मग पिवळीच्या लेबलाखाली मुंग्या लागलेल्या दिसल्या. खळ होती ती, साधी मैद्याची खळ. कोमट पाण्यात ताटली बुडवली, लेबल अंगठ्याने सरकवलं. ते अगदी अलगद आलं. खाली स्वच्छ, ठसठशीत छापलेलं: लेड फ्री.

ताटली हातात धरून मी किती वेळ मोरीशी उभी होते कुणास ठाऊक. १९३६ सालचा कुठला कारखानदार ताटलीच्या पाठीवर 'यात शिसं नाही' असं छापेल? उरलेल्या पाचही बुडवल्या. पाचही तशाच.

मग वाचलं, जे आधी वाचायला हवं होतं. जुन्या फिएस्टा ताटल्यांच्या बुडालाही ग्लेज असतं. भट्टीत त्या तीन टोकांवर ठेवत, म्हणून तळाशी तीन बारीक टोचल्याच्या खुणा सापडतात. १९८६ नंतरच्या मालाची कडा पुसून कोरी ठेवलेली असते. म्हणजे ज्या खुणेवर मी खूश झाले, तीच नवेपणाची खूण. आवाज घंटेसारखा, कारण नवी माती जास्त पक्की भाजलेली. जुन्या शाईच्या शिक्क्यात नावाचं पहिलं अक्षर लहान असतं, नव्यात मोठं. आणि जांभळा रंग जुन्या फिएस्टात कधी नव्हताच. 'रोझ' हा मळकट गुलाबी. माझी सगळी परीक्षा बरणीची होती आणि ती मी ताटलीला लावली. त्याला ते माहीत होतं, कारण बाजारात त्याच्यासमोर उभं राहून मीच चार लोकांना बूड दाखवत असे.

फोन केला. मला वाटलं उचलणार नाही, पण उचलला. आवाज नेहमीसारखा मऊ. "ताई, जुन्या आहेत असं मी कधी म्हटलं? नाव तुम्ही सांगितलंत, भाव मुंबईने सांगितला." यावर मला उत्तर सुचलं नाही, आजही सुचलेलं नाही. त्यानंतर तो नंबर बंद आहे. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न पावतीचा आला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवरही बिलाबद्दलच विचारलं. यूपीआयच्या तीन हजारांचा पुरावा तेवढा आहे. नाशिकरोडच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे मात्र अगदी तसाच संच निघाला, लेबलांसकट. त्यांच्याही लेबलावर '१४'. ते तक्रार करायला तयार नाहीत. कारण मी विचारलं नाही. त्यांनीही बहुधा हॉटेलवाल्यापेक्षा शंभर जास्त देऊ केले असतील.

मग त्याच्याकडून घेतलेल्या बरण्या पुन्हा काढल्या. नऊपैकी आठ चांगल्या. नववीत सुकलेला गाळ भरलेला होता. गंगेचा, म्हणजे आमच्या गोदावरीचा, पूर वाड्यात शिरला होता तेव्हाचा, धुऊ नका, म्हणाला होता. मी वर्षभर धुतली नाही. गाळ भरलेली बरणी बद्दच वाजणार, संशय येणार कसा? धुऊन मिठाचं पाणी भरलं आणि मोरीत ठेवली. पाचव्या दिवशी बुडाच्या वर पांढरी मिशी फुटली, तड्याच्या रेषेत मीठ पाझरून. तडा चिकटवून वरून तपकिरी रंग मारलेला होता, नखाने साल निघावी तसा निघाला.

तेव्हा कुणी 'धुऊ नका' म्हटलं की तिथेच धुवायला लागा. लेबल, गाळ, गंज, जे काही काढू नका म्हणतील ते आधी काढून बघा, नाहीतर घेऊ नका. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च स्वस्तात मिळतो; अंधारात तो फिरवला की चिकटवलेली जागा बहुतेक वेळा वेगळी चमकते. वस्तू बंगल्यातून आली म्हणतात, तर बंगल्यात चला म्हणा. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं असेल तर त्याची तारीख बघा. माझ्या सहाही कागदांचा तारखेचा कोपरा फाटलेला होता, हे मला रद्दी घालताना दिसलं. पैसे खात्यावर, विकणाऱ्याच्याच नावाने. कागदावर 'अमुक सालची अमुक वस्तू' असं त्याच्या हाताने लिहून घ्या. आणि विकणारा बावळट वाटायला लागला की वस्तू खाली ठेवा, घरी या, त्या मालाबद्दलचं पान शेवटपर्यंत वाचा.

सासूबाईंना हे सगळं जेवताना सांगितलं, म्हणजे बावीस हजारांचं. त्यांनी फक्त विचारलं, "लेड फ्री म्हणजे?"

"शिसं नाही त्यात. जुन्या रंगीत ग्लेजमध्ये असू शकतं, आंबट ठेवलं तर उतरतं. लाल असेल तर युरेनियमही."

"म्हणजे खऱ्या असत्या तर त्यात जेवता आलं नसतं?"

"नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांना सहाही बाहेर आल्या. जांभळी त्यांनी स्वतःला ठेवलीय.