दोन वेळा जेवायचं की दर दोन तासांनी खायचं?

वजन उतरवायचं म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो: दीक्षितांचं करू की दिवेकरांचं? धाकट्या बहिणीनं मला हेच विचारलं. ती शाळेत शिकवते, सकाळी साडेसहाला घर सोडते, आणि कमरेचा घेर ९२ सेंटिमीटरवर गेलाय. आपल्या लोकांत बाईचा घेर ८० आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटरपुढे गेला की धोक्याची खूण मानतात, त्यामुळे तिची काळजी रास्तच होती. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांतून आलेली. दिवसातून ज्या दोन वेळा कडकडून भूक लागते त्या ओळखायच्या, तेव्हाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं. मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा. जोडीला ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. प्रत्येक खाण्यानंतर इन्सुलिन स्रवतं आणि ते वर असेपर्यंत शरीर साठवलेल्या चरबीला हात लावत नाही, हे त्यामागचं कारण. ऋजुता दिवेकरांचं म्हणणं जवळपास उलट: उठल्यावर चहाच्या आधी काहीतरी खा, मग दर दोनेक तासांनी थोडं थोडं, आणि रात्रीचं जेवण झोपायच्या दोन तास आधी. भात, तूप, आपल्या भागातली फळं यांना बंदी नाही. इथे सगळा भर भूक अनावर होऊ न देण्यावर आहे.

दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. मग अभ्यास काय सांगतात? प्रागमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांना सारख्याच कॅलरी आधी एका पद्धतीनं, मग दुसऱ्या पद्धतीनं दिल्या. निष्कर्ष २०१४ साली छापून आले. बारा आठवड्यांत सहा वेळा खाताना वजन सरासरी २.३ किलो उतरलं, दोन वेळा खाताना ३.७. कौल दीक्षितांच्या बाजूला झुकतो खरा, पण प्रागमधल्या रुग्णांची दोन जेवणं म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण. आपण दोन वेळा म्हणतो तेव्हा बहुतेकांचं दुसरं जेवण रात्री नऊला असतं! चीनमधल्या ग्वांगझौचा २०२२ मधला अभ्यास आणखी बोलका आहे. १३९ लठ्ठ लोकांच्या कॅलरी वर्षभर कमी केल्या. त्यातल्या एका गटानं फक्त सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच खाल्लं. त्यांचं सरासरी ८ किलो वजन कमी झालं, दुसऱ्या गटाचं ६.३ किलो, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. म्हणजे घड्याळापेक्षा ताट मोठं.

म्हणून पद्धत निवडताना स्वतःचा दिवस बघावा. घरून काम, हाताशी बिस्किटाचा डबा, दिवसभर तोंड चालू, अशांना दोन जेवणांचा नियम फार सोपा जातो, कारण एकदाच ठरवायचं असतं. उलट दुपारी बाराला डबा खाऊन रात्री नऊला घरी पोचणारा माणूस भुकेनं इतका वखवखतो की चार पोळ्या कधी गेल्या कळतही नाही. त्यानं पाचच्या सुमाराला मूठभर फुटाणे किंवा एखादं फळ खावंच. मात्र दर दोन तासांनी खायचं तर ते खरंच थोडं हवं. दोन तासांनी पोहे, मग चिवडा, मग सँडविच, असं झालं तर काटा वरच जाणार. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणं कमी करू नका. साखर एकदम उतरते, दरदरून घाम फुटतो, माणूस बेशुद्धही पडतो. गरोदर बायका आणि वाढीच्या वयातली मुलं यांनी तर या फंदात पडूच नये.

दोन्ही पद्धतींत तेल सहज नजरेतून सुटतं. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर प्रत्येकाच्या पोटात रोज साधारण ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी जातात. तेच तीन लिटरवर आणलं की माणशी रोजच्या १३५ कॅलरी वाचतात. सत्तर किलोच्या माणसानं साडेचार किलोमीटर झपझप चालून सव्वादोनशे-अडीचशे खर्च होतात, हे लक्षात घेतलं तर ही बचत किती मोठी आहे ते कळेल. बहिणीला म्हटलं, नवी पिशवी फोडलीस की तिच्यावर तारीख लिही.

चालणं दोन्हीकडे हवंच. आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीला टेकून जोर असं काही ताकदीचंही करावं, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात.

पण निवड करण्याआधी सात दिवस वही ठेवावी, हे माझं सगळ्यांत आग्रहाचं सांगणं. अमेरिकेत जवळपास १,७०० लोकांच्या अभ्यासात रोज खाण्याची नोंद करणाऱ्यांचं वजन नोंद न करणाऱ्यांच्या दुपटीनं उतरलं होतं. बहिणीच्या वहीतलं बुधवारचं पान असं होतं: सकाळी चहा, दोन चमचे साखर. दहाला पुन्हा चहा. साडेबाराला दोन पोळ्या, मटकीची उसळ. साडेपाचला चहा, फरसाण एक वाटी. सहाला मुलाच्या ताटलीतला उरलेला शिरा. साडेसहाला पुन्हा फरसाण, किती ते लिहिलेलंच नाही. रात्री भात-आमटी.

तिचं जेवण चुकत नव्हतं, संध्याकाळचे दोन तास चुकत होते. पान वाचून ती स्वतःच म्हणाली, "मला दोन वेळांवर जमणार नाही गं, पाचला मी काहीतरी खाणारच." मग तिनं तीन जेवणं ठेवली, चहातली साखर अर्ध्यावर आणली, आणि चार वाजता शाळेतच खायला भाजलेले चणे आणि एक पेरू पर्समध्ये टाकायला लागली. दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, ती वजन आणि घेर त्याच वहीत मागच्या पानावर लिहिते.