पत्र्यावर उतरवलेलं काँक्रीट: चार मेटल प्रिंट, वर्षभराच्या वापरानंतर

ब्रुटलिस्ट (उघड्या काँक्रीटच्या भारदस्त शैलीतल्या) रेल्वे वास्तूंचे मेटल प्रिंट, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापलेले फोटो, घ्यायचे असतील तर साइझ आणि फ्रेम नंतर बघा, आधी पत्र्याचा पृष्ठभाग ठरवा. समुद्रकिनारा किंवा फुलं कुठल्याही पत्र्यावर खपून जातात. काँक्रीटचं तसं नाही. त्याचं सगळं सौंदर्य करड्या रंगाच्या मधल्या छटांमध्ये असतं आणि चुकीचा पृष्ठभाग नेमक्या त्याच छटा खातो.

वर्ष होत आलं, चार प्रिंट भिंतीवर आहेत: बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटचा सिग्नल बॉक्स, लंडनचा पॅडिंग्टन मेंटेनन्स डेपो, पोलंडमधल्या कातोविचे स्थानकाचा जुना हॉल आणि वॉशिंग्टन मेट्रोचं एक भूमिगत स्थानक. चारही 60 × 90 सेंमीचे. छपाई डाय-सब्लिमेशनची, म्हणजे कागदावर उलटं छापलेलं चित्र साधारण 200 अंश सेल्सियसला पत्र्यावर दाबतात, शाईची वाफ होते आणि ती वरच्या पॉलिस्टर थरात मुरते. शाई थराच्या आत असल्यामुळे पोपडे निघत नाहीत. पत्रा जेमतेम 1.14 मिमीचा, त्यामुळे या मापाच्या प्रिंटचं वजन पावणेदोन किलोच्या आत राहतं.

सगळ्यात सरस उतरला तो कातोविचे, पांढऱ्या मॅट पत्र्यावर. 1972 च्या या हॉलचं छत पेल्याच्या आकाराच्या 16 काँक्रीट खांबांनी पेललं होतं. 2010-11 मध्ये तो पाडला आणि नव्या इमारतीत ते पेले पुन्हा घडवून बसवले. मूळ खांबांवर शटरिंगच्या फळ्यांचे ठसे तसेच ठेवलेले होते. प्रिंटपासून हातभर अंतरावर उभं राहिलं की प्रत्येक फळीची कड, दोन फळ्यांच्या फटीतून ओघळलेल्या सिमेंटची बारीक शीर, मध्येच लाकडाच्या गाठीचा गोल डाग, सगळं वेगवेगळं दिसतं. हाच फोटो ग्लॉसीवर घेतला असता तर समोरची खिडकी बरोबर त्या फळ्यांवर उमटली असती.

सिग्नल बॉक्सही मॅटवरच आहे. बिकनेल अँड हॅमिल्टन या वास्तुरचनाकारांची ही 1964-66 ची इमारत 1995 पासून ग्रेड 2 संरक्षित यादीत आहे. तिच्या बाहेरच्या पन्हाळीदार काँक्रीट पॅनेलांनी छपाईवाल्याची परीक्षाच घेतली. मोठी फाइल प्रिंटच्या मापाला आणताना दोन पन्हाळींमधलं अंतर थोड्याच पिक्सेलांवर येतं आणि भिंतीवर नसलेल्या लाटा दिसू लागतात. याला मॉइरे म्हणतात. आधी फाइल किंचित मऊ करायची, मग छोटी करायची आणि शेवटी हलकं शार्पनिंग द्यायचं, म्हणजे लाटा जातात. या मापाला 200 पीपीआयने (इंचाला 200 पिक्सेल) 7087 × 4724 पिक्सेल लागतात. तपासताना पडद्यावर 100 टक्क्यांवरच बघा, छोट्या आकारात पडदा स्वतःच खोट्या लाटा दाखवतो. शार्पनिंग जास्त झालं तर मात्र पन्हाळींच्या कडेला पांढरी रेघ उमटते आणि काँक्रीट प्लास्टरसारखं दिसतं.

पॅडिंग्टन डेपो चंदेरी पत्र्यावर घेतला होता. हा पृष्ठभाग या विषयासाठी अजिबात घेऊ नये. त्यात पांढरा थर नसतो, म्हणून फोटोतल्या पांढऱ्या जागी उघडा धातू दिसतो. 1966-68 च्या या इमारतीला बाहेरून पांढऱ्या मोझेकचं आवरण होतं. म्हणजे चित्रातला सगळ्यात महत्त्वाचा भागच आरशासारखा झाला: समोरून चकाकतो, बाजूने बघितलं की काळा पडतो. रात्रीचा फोटो, ओले रूळ, स्टीलचे डबे असतील तर चंदेरी पत्रा शोभतो. काँक्रीटला तो मारक आहे.

वॉशिंग्टनचा प्रिंट मात्र ग्लॉसीवर आहे आणि तिथे तेच योग्य ठरलं. वास्तुरचनाकार हॅरी वीझ यांच्या या स्थानकांत (मेट्रो 1976 ला सुरू झाली) चौकटी-चौकटींच्या कमानी छतावर प्रकाश खालून येतो. चौकटींच्या आत गडद छाया असतात आणि मॅटवर काळा रंग थोडा राखाडी पडतो. ग्लॉसीवर तो खोल राहतो. अट एकच, समोर खिडकी किंवा उघडा दिवा नको.

आता रंगाची गोष्ट. कृष्णधवल फोटोतला करडा हा बहुतेक वेळा रंगीत शायांच्या मिश्रणातून तयार होतो. मिश्रण थोडं ढळलं की हिरवट किंवा जांभळट झाक येते. आलेल्यांपैकी एक प्रिंट दिवसा ठीक आणि पिवळ्या दिव्याखाली शेवाळी दिसत होता, तो बदलून घ्यावा लागला. म्हणून पूर्ण ऑर्डरच्या आधी ए4 मापाचा तुकडा त्याच पत्र्यावर छापून घ्या आणि जिथे लावणार त्या दिव्याखाली संध्याकाळी बघा. बल्बचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी आकडा) 90 च्या वर असावा. त्याच तुकड्यावर रूळ आणि वरच्या विजेच्या तारा भिंगाखाली तपासा. दाबताना कागद हलला असेल तर प्रत्येक तारेशेजारी तिचीच फिकट दुसरी रेघ दिसते.

टांगणीत सगळ्यात जास्त गडबड होते. पातळ पत्र्याच्या मागे मधोमध एकच ठोकळा चिकटवून देतात. 30 सेंमीच्या प्रिंटला तो चालतो, 90 सेंमीच्या पत्र्याचे कोपरे त्यावर डुलतात आणि हळूहळू पुढे येतात. कडेपासून चार-पाच सेंमी आत चारही बाजूंनी फिरणारी ॲल्युमिनियमची चौकट मागा. ती दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोम टेपने चिकटवलेली असावी, कडक गोंदाने नको. टेपला पूर्ण पकड यायला तीन दिवस लागतात, तोवर प्रिंट पालथा, आडवा ठेवा. भिंतीत दोन फिशर, दोन स्क्रू, पाणसळ लावून. खालच्या कोपऱ्यांना मागून रबरी बंपर लावा, म्हणजे पत्रा भिंतीला समांतर राहतो.

कोपरे हे या प्रिंटचं खरं दुखणं. पत्रा पडला तर कोपरा मुडपतो आणि सरळ करायला गेलं की वरचा थर तडकतो. गोल कोपरे मागून घेतलेले बरे. ज्यांच्याकडे ये-जा जास्त आहे त्यांनी 3 मिमीच्या ॲल्युमिनियम कंपोझिट शीटवरचा यूव्ही प्रिंट (अतिनील प्रकाशाने शाई वाळवलेला) घ्यावा. तो जास्त ताठ असतो, वजन या मापाला दोन किलोच्या आसपास. फक्त त्यात शाई पृष्ठभागावर बसते, त्यामुळे ओरखडा लवकर पडतो.

साफसफाईला ओलसर मायक्रोफायबर पुरतं. मॅट पत्रा एकाच जागी घासू नका, तिथे चकाकी येते आणि ती जात नाही. ॲसिटोन अजिबात नको. वरच्या कडेवर आणि मागच्या फटीत धूळ साचते, तिला मऊ ब्रश. घरात, उन्हापासून लांब, चारही प्रिंटचे रंग नजरेला तरी तसेच आहेत. थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर मात्र लावू नका, या शाया अतिनील किरणांनी विटतात. सिग्नल बॉक्स आणि कातोविचे आज पुन्हा घ्यायचे झाले तर मॅटवरच, हेच माप. पॅडिंग्टन मॅटवर नव्याने छापायला दिला आहे.