अँजिओप्लास्टीनंतरचं डिप्रेशन: गोळी की काउन्सेलिंग?
रिपोर्ट नॉर्मल, पण काका सारसबागेत चक्कर मारायलाही नको म्हणतात, पेपर घडी न मोडता तसाच पडलेला, तर हा नुसता आळस नाहीये. सर्ट्रालिन ही डिप्रेशनची गोळी हार्टवाल्यांना बऱ्यापैकी सेफ, २००२ च्या ट्रायलमध्ये तेच दिसलं, पण गुण यायला काही आठवडे लागतात आणि सोबत अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ब्लीडिंगचा धोका थोडा वाढतो, म्हणून कार्डिओलॉजिस्टला विचारूनच घ्या. काउन्सेलिंगला ही भानगड नाही, फक्त दर आठवड्याला ट्रॅफिकमधून जायचं आणि "मी काय वेडा आहे का" हे ऐकून घ्यायचं! २००३ च्या मोठ्या ट्रायलमध्ये त्याने मूड सुधारला, आयुष्य मात्र वाढलं नाही. तरी त्रास सौम्य असेल तर मी आधी काउन्सेलिंगच म्हणेन, झोप-जेवणच उडालं असेल तर गोळी पण लागेल.